सुताराला लाकूड मिळू द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी दापोली तालुक्यात सुतारकाम करतो. आजोबा आणि वडील हेच करत आले. घरांची छपरं, दारं-खिडक्या, देवळांचे मंडप, अधूनमधून एखादा देव्हारा किंवा पाळणा, अशी आमची कामं. लाकडाचा भाव आणि त्यापायी सुतारांची व घर बांधणाऱ्या साध्या माणसांची झालेली कोंडी, एवढ्याच विषयावर हे पत्र लिहितो आहे. लाकूड महागलं म्हणून सबसिडी द्या, असं मी मागणार नाही. जंगलं तोडू द्या, असं तर मुळीच नाही. माझं म्हणणं असं की कोकणात लाकूड आहे, पण ते सुतारापर्यंत पोचत नाही. ज्याच्या परड्यात झाड उभं आहे त्याच्या हातात जेमतेम काहीतरी पडतं, आणि त्याच गावात दार करून घेणाऱ्याला समुद्रापलीकडून आलेल्या लाकडाचा भाव मोजावा लागतो. या दोघांमधलं अंतर कमी करणं बऱ्याच अंशी आपल्या खात्याच्या हातात आहे.

आधी भावाचा हिशेब सांगतो, कारण मंत्रालयात टक्के बोलले जातात आणि आम्ही घनफुटात बोलतो. बाहेरच्या दाराची एक चौकट घ्या. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद, उंबरठ्यासकट. दोन उभे आणि दोन आडवे मिळून 21 फूट लाकूड लागतं. 5 बाय 3 इंचाच्या जाडीने ते 2.19 घनफूट भरतं. गाठी, तडे, कटाई आणि रंधा यांत जाणारं धरलं की अडीच घनफूट विकत घ्यावंच लागतं. म्हणजे वखारीत घनफुटामागे हजार रुपये चढले की एका चौकटीमागे अडीच हजार चढले, आणि यात अजून दाराची फळी आलेली नाही. साध्या दोन खोल्या, पडवी आणि स्वयंपाकघर असलेल्या घराला चार दारं आणि पाच-सहा खिडक्या होतात. कौलारू छप्पर करायचं तर वासे, रिपा, आढं आणि तुळया वेगळ्या. घरमालक हे आकडे ऐकतो, थोडा वेळ गप्प बसतो आणि विचारतो, "लोखंडी पाइपात किती पडेल?"

हे दर चढले कसे, हेही बघायला हवं. वडिलांच्या काळात चांगल्या कामाला ब्रह्मदेशचा साग येई. मुंबईच्या लकडा बंदरावर उतरलेला माल वखारीवाल्यांमार्फत इकडे पोचत असे. ब्रह्मदेशने, म्हणजे आताच्या म्यानमारने, 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. 2021 च्या लष्करी उठावानंतर उरलेला व्यापारही अडचणीत आला. त्याची जागा इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका, घाना, टांझानिया इथल्या लागवडीच्या सागाने घेतली. हा साग जहाजाने बहुतांशी कांडल्याला येतो, गांधीधामच्या सॉमिलांत चिरला जातो, तिथून ट्रकने पुण्या-मुंबईच्या टिंबर मार्केटात आणि मग घाट उतरून खेड-दापोलीला. वाटेत तो डॉलरमध्ये मोजला जातो. 2014 मध्ये साठ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2025 मध्ये पंच्याऐंशीच्या वर गेला. कोरोनाच्या काळात कंटेनरचं भाडं भडकलं, पुढे तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनी जहाजांना लांबचा वळसा घ्यायला लावला. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. आणि इतकं करून हातात पडतं ते लवकर तोडलेल्या झाडाचं लाकूड. त्यात गाभा थोडा आणि बाहेरचं पांढरं लाकूड जास्त. पांढऱ्याला वाळवी लागते, हे गिऱ्हाइकाला सांगितलं नाही तर पाच वर्षांनी ते आमच्याच दारात उभं राहतं.

लाकडाच्या भावाची झळ जगभर बसली, हे मला माहीत आहे. अमेरिकेत 2021 च्या मे महिन्यात लाकडाचा वायदा भाव हजार बोर्डफुटांना 1600 डॉलरच्या वर गेला होता. तिथल्या घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याआधीच्या महिन्यात सांगितलं होतं की लाकडापायी नव्या घराची सरासरी किंमत वर्षभरात सुमारे 36 हजार डॉलरने वाढली. पण त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत तो भाव तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला. भाव चढताच गिरण्यांनी उत्पादन वाढवलं, गिऱ्हाइकांनी कामं पुढे ढकलली, आणि बाजार खाली बसला. तिथे झाड, गिरणी आणि बांधकाम यांच्यातली साखळी जोडलेली आहे. आमच्याकडे ती तुटलेली आहे, म्हणून इथे चढलेला भाव उतरताना मी फारसा पाहिला नाही.

साखळी तुटलेली आहे म्हणजे काय, ते 3 जून 2020 नंतर मी अगदी जवळून पाहिलं. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या वाड्या भुईसपाट झाल्या. घरांची कौलं उडाली आणि त्याच घरांभोवतीची आंबा, फणस, नारळ, सुपारीची झाडं आडवी झाली. आमच्या वाडीत एका घरामागे जुना फणस गोठ्यावर पडला. दोघांच्या कवेत न मावणारं खोड. करवत चालवली तेव्हा आतून हळदीसारखा पिवळा गाभा निघाला, एकही पोकळी नाही. कोकणात फणसाच्या लाकडाचे देव्हारे होतात, मंडपाचे खांब होतात, माजघराची दारं होतात. ऊन-हवा लागून तो पिवळा रंग वर्षागणिक तांबूस होत जातो, आणि अशी दारं तीन-तीन पिढ्या टिकलेली मी दुरुस्त केली आहेत. त्या एका खोडातून त्या घराच्या सगळ्या चौकटी आणि निम्मे वासे निघाले असते.

निघाले नाहीत. वीज कित्येक आठवडे नव्हती, त्यामुळे सॉमिल बंद. पावसाळा तोंडावर. फणस हे परवानगीच्या यादीतलं झाड. ते वाऱ्याने पडलेलं असलं तरी चिरायला न्यायचं म्हणजे पंचनामा, अर्ज आणि वाहतुकीचा पास, आणि सगळी सरकारी यंत्रणा नुकसानीच्या पंचनाम्यांत गुंतलेली. माणसाच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, तो कागदांच्या मागे कुठे धावणार? ट्रक घेऊन लाकूडवाले आले, अंगण मोकळं करून देतो म्हणाले आणि आंबा-फणसाचे ओंडके जळाऊ लाकडाच्या भावाने उचलून घेऊन गेले. कित्येकांनी तर पैसेही मागितले नाहीत, नेताय एवढंच पुष्कळ म्हणाले. पुढच्या महिन्यांत त्याच घरांवर पत्रे आणि लोखंडी पाइप चढले. पत्र्याचे भाव तेव्हा काय झाले होते, ते आपल्याला माहीत असेल. खाऱ्या वाऱ्यात तो पाइप सहा-सात वर्षांत गंजायला लागतो आणि पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी बसवत नाही. अंगणात पडलेलं शंभर वर्षांचं लाकूड भट्टीत गेलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि सिंधुदुर्गात हेच पुन्हा झालं.

घरकुल योजनेबद्दलही बोलायला हवं, कारण लाकडाच्या भावाचा सर्वांत मोठा मार तिथे बसतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात 2016 पासून सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. 2025 मध्ये राज्याने त्यात 50 हजारांची भर घातली, त्याबद्दल सरकारचे आभार. पण मूळ रक्कम ठरली तेव्हाचं लाकूड आणि आजचं लाकूड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाभार्थी जोत्याला पैसे घालतो, भिंतीला घालतो, आणि छपरापर्यंत पोचता पोचता हात रिकामा होतो. मग दाराला पत्रा, खिडकीला पोतं किंवा ताडपत्री. मोठ्या मुली असलेल्या घरात दाराला कडी लागत नाही, याचा अर्थ मी आपल्याला समजावून सांगायला नको.

या सगळ्यात सुताराचं काय होतं? गिऱ्हाईक पहिली काटछाट मजुरीत करतं. लाकूड त्याला दुकानात जाऊन रोख घ्यावं लागतं, तिथे घासाघीस चालत नाही, म्हणून ती आमच्याशी होते. आम्ही बहुतेक कामं मक्त्याने घेतो. पावसाळ्यात बोलणी होतात, गणपती झाले की इसार मिळतो, काम दिवाळीनंतर सुरू होतं. मधल्या काळात भाव चढला तर तो फरक कोणी सोसायचा, यावरून चांगल्या चांगल्या घरांशी संबंध बिघडतात. गावात राहायचं तर शब्द फिरवता येत नाही, म्हणून बहुधा सुतारच सोसतो. आमच्यातली तरुण मुलं पुण्या-मुंबईला प्लायवूड आणि लॅमिनेटच्या फर्निचरवर जातात. त्या कामात कसब नाही असं मी म्हणणार नाही, पण तिथे सांधा, खाच, कुसू, लाकडाचा ताण आणि धागा हे काही शिकायला मिळत नाही. पन्नाशीच्या आतला, कौलारू छपराचा सांगाडा जमिनीवर मांडून बरोबर बसवणारा सुतार आता आमच्या पंचक्रोशीत शोधावा लागतो.

केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 ला विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत सुतारही आहेत. प्रशिक्षण, हत्यारांसाठी 15 हजार रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज मिळतं. माझ्या ओळखीच्या काहींनी त्यातून रंधायंत्र आणि चांगली करवत घेतली, त्यांचा उपयोग रोज होतो. पण हत्यारं दिली तरी ज्यावर ती चालवायची ते लाकूड कोणत्याच योजनेत नाही. आणि लाकूड हा विषय आपल्या खात्याचा आहे.

आता कायद्याचं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 चा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं आहेत. कोकणी घराचं जवळजवळ सगळं लाकूड या यादीत आलं. कायदा कशासाठी आहे, हे मला मान्य आहे. कोकणातलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे, आणि घाटमाथ्याकडे जळाऊ लाकडाने भरून जाणारे ट्रक आम्ही रोज पाहतो. सह्याद्रीच्या उतारावरची झाडं गेली की खाली विहिरी आटतात, दरडी येतात. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने तोडीला मनाई केली, ती योग्यच झाली. तिथलं लाकूड मला नको.

पण या कायद्याचा भार नेमका कोणावर पडतो ते बघा. बांधावर सागाची दहा झाडं असलेला शेतकरी मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या कामाला त्यातली चार तोडू म्हणतो. सातबाऱ्यावर झाडांची नोंद हवी. नसेल तर आधी ती. मग सामाईक खातेदारांची संमती, आणि कोकणातल्या सातबाऱ्यावर किती नावं असतात व त्यांतली किती मुंबईला असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मग मोजणी, तपासणी, तोडीची परवानगी, ओंडक्यावर हातोड्याचा ठसा, वाहतुकीचा पास. प्रत्येक पायरीला कारण आहे, पण सगळ्या पायऱ्या मिळून चार झाडांच्या मालकाला परवडत नाहीत. म्हणून तो झाड उभं असतानाच लाकूडवाल्याला देऊन टाकतो. कागद लाकूडवाला सांभाळतो, आणि त्या सांभाळण्याची किंमत शेतकऱ्याच्या भावातून कापली जाते व माझ्या भावात वाढवली जाते. ज्याला शेकडो झाडं तोडायची आहेत त्याला कागद करणारी माणसं ठेवणं जमतं. अडतो तो चार झाडांवाला.

याच्या उलट घडू शकतं, हे बांबूने दाखवलं आहे. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. त्यानंतर बांबूची लागवड कमी झाली नाही, उलट कोकणात बांधाबांधावर लोक तो लावायला लागले. विकता येईल याची खात्री असली की माणूस झाड लावतो. तोडू देतील की नाही याची धास्ती असली की उगवून आलेलं सागाचं रोप तो कोवळं असतानाच उपटतो, ही कोकणातली उघड गोष्ट आहे. केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने जून 2025 मध्ये शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीसाठी आदर्श नियम राज्यांना पाठवले. त्यांत लागवडीची नोंद आणि तोडीचा अर्ज ऑनलाइन करण्याची सोय सुचवली आहे, थोडी झाडं असणाऱ्याला सोपी वाट ठेवली आहे. महाराष्ट्राने ते लवकर स्वीकारावेत. मात्र गावात रेंज नसते, म्हणून ही नोंद ग्रामपंचायतीत बसून करून देणारं माणूस हवं.

वनखात्याचं स्वतःचं लाकूडही आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग देशात नावाजलेला आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून तो गेला, तेव्हा आम्हा सुतारांना फार आनंद झाला होता. वन विकास महामंडळ 1974 पासून सागाची लागवड करतं आहे. पण आगारांतले लिलाव मोठ्या लॉटचे असतात. अनामत भरायची, लॉट उचलायचा, वाहतूक करायची, चिरून घ्यायचा, हे व्यापाऱ्याचं काम आहे. मला वर्षाला लागणारं लाकूड एका लॉटच्या कोपऱ्यात मावेल. तरी राज्याचं लाकूड राज्यातल्या सुताराला थेट विकत घेता येऊ नये, हे मला पटत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी. महामंडळाच्या मालातला काही हिस्सा लहान लॉटमध्ये, चिरलेल्या मापात, ठरलेल्या दराने, कोकणातल्या निदान एका आगारात ठेवा. घ्यायला येणाऱ्याकडे विश्वकर्मा योजनेचं ओळखपत्र किंवा घरकुलाचा मंजुरी आदेश असावा, म्हणजे तो माल पुन्हा व्यापाऱ्याकडे वळणार नाही. वखारवाले यावर नाराज होतील. त्यांचं मोठं काम बिल्डरांचं आणि बंगल्यांचं आहे, ते राहणारच आहे.

दुसरी मागणी कमी बोलली जाते, पण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सागाशिवायचं लाकूड वापरायचं, तर ते वाळवणं आणि त्यावर प्रक्रिया करणं आलं. आंब्याचं लाकूड स्वस्त आहे, कलमांच्या जुन्या बागा बदलताना ते भरपूर निघतं. पण त्याला भुंगा लागतो, सहा महिन्यांत खाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात ते नीट मुरवलं, मग वाळवलं, तर छपराखालच्या कामाला ते निर्धास्त वापरता येतं. पावसात उघडं ठेवलं तर मात्र ते औषध धुऊन जातं, म्हणून बाहेरच्या दाराला ते चालणार नाही. मँजियम आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ कोकणात जागोजाग उभी आहे. ओली चिरून बसवली की ती पिळते, फाटते, आणि लोक लाकडाला नावं ठेवतात. भट्टीत बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली तर तिच्या चांगल्या खिडक्या होतात. अशी भट्टी आणि प्रक्रियेची टाकी मी एकटा घालू शकत नाही, दहा सुतार मिळूनही कठीण आहे. दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आहे, त्यात वानिकी महाविद्यालय आहे. जाणकार तिथे आहेत, लाकूड आजूबाजूला आहे, सुतार तर आहेतच. खात्याने जागा आणि यंत्रं द्यावीत, चिरणं-वाळवण्याचा दर आम्ही देऊ. त्यातून सागावरचा ताण उतरेल, आणि आज जळाऊ म्हणून जाणारं लाकूड घरांत लागेल.

तिसरी मागणी वादळाची. वादळात पडलेल्या, मालकीच्या जागेतल्या झाडांसाठी वेगळा आदेश आधीच तयार असावा : तलाठ्याने नुकसानीचा पंचनामा करतानाच पडलेल्या झाडांची नोंद घ्यावी, तीच तोडीची आणि तालुक्याच्या आतल्या वाहतुकीची परवानगी समजावी, आणि जनरेटरवर चालणारी फिरती करवत त्या गावांत पाठवावी. नुकसानभरपाईच्या पैशाने माणसाने पत्रा आणण्याऐवजी स्वतःच्याच फणसाचे वासे स्वतःच्या घरावर चढवावेत, यासाठी सरकारला फार खर्च येणार नाही. आदेश मात्र वादळाआधी हवा. पडलेलं लाकूड जूनच्या पावसात अंगणात थांबत नाही.

आपण मे महिन्यात कधी दापोलीकडे आलात तर चार-पाच गावांतले सुतार, झाडांचे मालक आणि घरकुलाचे लाभार्थी आपल्यासमोर बसवण्याची जबाबदारी माझी. आगार कुठे असावं, किती लाकूड वर्षाला लागेल, कोणत्या जातीचं, कोणत्या मापात, याची यादी आम्ही हाताने लिहून तयार ठेवू. बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. लहान लॉटचा निर्णय त्याआधी झाला, तर याच वर्षीच्या घरांना दारं लागतील.

आपला,
दापोली तालुक्यातला एक सुतार